मिस्टर वसंत आणि होंडुरासचा हाफ

हॉस्पिटलच्या दप्तरात बघितलंत तर लिम्फोमा नावाचा कॅन्सर मला झालेलाच नाही. तो वसंत नावाच्या गृहस्थांना झाला आहे. वसंत हे माझे वडील, आप्पा. ते कोल्हापूरला असतात, वय ब्याऐंशी, रोज सकाळी रंकाळ्याला चालायला जातात आणि त्यांना साधा खोकलाही नाही.

चूक माझी आहे. वीसेक वर्षांपूर्वी इंग्लंडात मिल्टन कीन्सला आलो, जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायला गेलो आणि शाळेत शिकवलं होतं तसं फॉर्मवर लिहिलं: शिंदे मिलिंद वसंत. आडनाव, मग आपलं, मग वडिलांचं. प्रत्येक रकान्यावर काय भरायचं ते छापलेलं होतं, पण रकान्यावरचं वाचायची मला सवय नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. दुसऱ्यांनी भरलेल्या फॉर्ममधल्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. तर माझं पहिलं नाव झालं शिंदे आणि आडनाव झालं वसंत. दुरुस्तीला दोनदा गेलो. एकदा पासपोर्ट न्यायला विसरलो, एकदा पासपोर्ट नेला आणि दवाखाना बंद होता. वर्षातून एकदा फ्लूच्या इंजेक्शनला जाणाऱ्या माणसाला ‘मिस्टर वसंत’ चालून जातं. मग सोडून दिलं.

आपल्या मंडळाच्या अंकासाठी अनुभव लिहून द्या, नुकतंच ज्यांना कळलंय त्यांना आधार होईल, असं मला सांगण्यात आलं. आधाराचं मला माहीत नाही. औषधांची माहितीही इथे मिळणार नाही, ती तुमचा डॉक्टर देईल. काय काय झालं तेवढं सांगतो.

गाठ

गाठ मानेला होती, डाव्या बाजूला, जबड्याच्या खाली. दाढी करताना हाताला लागली. दाढेचं असेल म्हणून दोन महिने काढले. शुभदाने, म्हणजे बायकोने, एकदा बोट लावून बघितलं आणि जीपीला स्वतः फोन केला. मी म्हटलं, "अगं, दाढेचं आहे." ती म्हणाली, "मिलिंद, त्या बाजूची दाढ तू सहा वर्षांपूर्वी काढलीस."

पुढे तपासण्या झाल्या, गाठीचा तुकडा काढून नेला, आणि एका मंगळवारी दोघांनाही बोलावलं. दोघांना बोलावलं की समजावं. खोली छोटी होती आणि टेबलावर टिशूचा डबा, नवाकोरा, पहिला टिशू नुकता वर ओढून ठेवलेला. कन्सल्टंट बाई फार चांगल्या होत्या. त्यांनी नाव सांगितलं, बरा होण्यासारखा आहे म्हणाल्या, सहा केमो, दर तीन आठवड्यांनी एक. मग म्हणाल्या, काही विचारायचंय का?

मी विचारलं, "पार्किंग दोन तासांचंच घेतलंय. वाढवावं लागेल का?"

परतताना शुभदा चालवत होती. आमच्या गावात शंभर पावलांवर एक राउंडअबाउट आहे, म्हणजे गोल बेटाचा चौक. घराजवळच्या राउंडअबाउटला ती वळली आणि बाहेरच पडली नाही. एक फेरी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. चौथ्या फेरीला ती म्हणाली, "आप्पांना कसं सांगायचं?"

मी म्हटलं, "सांगायचं नाही."

याला मागचा इतिहास आहे. आठ वर्षांपूर्वी आई गेली. तिचाही कॅन्सरच होता, पोटाचा. आप्पांनी मला कळवलं तेव्हा ती बोलायची थांबली होती. मी पोचलो तो तिसऱ्या दिवशी, आणि तोपर्यंत राखसुद्धा सावडून झाली होती. "तू लांब. उगाच कशाला जिवाला घोर," एवढंच आप्पा म्हणाले होते. मी त्यावर त्यांना कधी काही विचारलं नाही आणि मनातून कधी माफही केलं नाही. आणि आता मी तेच शब्द बोलत होतो: ते लांब आहेत. उगाच कशाला.

"तुम्ही सगळे शिंदे एका साच्यातले," शुभदा म्हणाली आणि शेवटी एकदाची राउंडअबाउटमधून बाहेर पडली. भलत्याच रस्त्याला.

शेजारची खुर्ची

केमो झोपून घेतात असं मला वाटायचं. प्रत्यक्षात खुर्च्या असतात, मागे कलणाऱ्या, निळ्या रेक्झिनच्या. एका हॉलमध्ये दहा-बारा खुर्च्या, प्रत्येकीशेजारी सलाईनचा स्टँड. लोक कोडी सोडवतात, विणतात, झोपतात. सगळ्यांत मोठा आवाज चहाच्या ट्रॉलीचा.

जॅनेट नावाच्या नर्सबाई आमच्या बाजूला असायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला "शिंडी, डार्लिंग" म्हणून हाक मारली. मी समजावलं की शिंदे हे आडनाव. त्या म्हणाल्या, "मग वसंत?" म्हटलं, वडील. "मग तू कोण?" म्हटलं, मधला. त्यांनी कागद बघितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हे बदलायचं तर मनगटावरच्या पट्ट्यापासून रक्ताच्या बाटलीपर्यंत सगळं बदलावं लागेल. उपचार संपल्यावर बदलू या का? तोवर कागदावर आहे तेच सांगायचं, नाव आणि जन्मतारीख, प्रत्येक पिशवीच्या आधी." मी हो म्हटलं. आयुष्यभर बापाच्या नावावर जगलोच होतो, त्यात आणखी चार महिने.

शेजारच्या खुर्चीतला माणूस हसायला लागला. सावळा, रुंद खांद्यांचा, पंचेचाळिशीचा, डोक्यावर केस नाहीत, भुवयाही नाहीत. "माझंही चुकीचं आहे," तो म्हणाला. "पण माझं चुकीचं नाव टी-शर्टवर छापलं होतं. पाठीवर. नऊ वर्षं."

त्याचं नाव एलियास. मध्य अमेरिकेतल्या होंडुरासचा. मिल्टन कीन्समध्ये ड्रायव्हिंग शिकवतो. त्याआधी व्यावसायिक फुटबॉलपटू होता, मिडफिल्डर.

इथे एक कबुली द्यायला हवी. कोल्हापुरात फुटबॉल हे काय प्रकरण आहे ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. पेठेपेठेची तालीम, तालमीतालमीचा संघ, आणि वर्ल्ड कप आला की गल्लीत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे. आप्पा आमच्या पेठेच्या संघातून चौदा वर्षं खेळले, नंतर शाळेत पी. टी.चे मास्तर झाले. त्यांच्या एकुलत्या एक मुलाला, म्हणजे मला, अकराव्या वर्षी मैदानात उतरवलं. मी दुसऱ्या मिनिटाला आपल्याच गोलात चेंडू मारला आणि आनंदाने दोन्ही हात वर केले. तेव्हापासून आमच्या घरात माझ्यादेखत फुटबॉलचा विषय निघत नाही.

म्हणून एलियासला पहिल्या दिवशी मी एकच विचारलं: मिडफिल्डर म्हणजे नक्की कुठे उभा राहतो?

दोन माणसं

दुसऱ्या केमोच्या वेळी त्याने नावाची गोष्ट सांगितली.

त्यांच्याकडे माणसाला दोन आडनावं असतात. आधी वडिलांचं, मग आईचं. तो एलियास मेहिया कालिक्स. मेहिया वडिलांचं, कालिक्स आईचं. लोक ओळखणार मेहिया म्हणून. समुद्राजवळच्या केळीच्या मळ्यांच्या गावात वाढला. वडील केळी भरायच्या शेडमध्ये, मैदान शेडच्या मागे. सतराव्या वर्षी शहरातल्या क्लबात, एकविसाव्या वर्षी देशाच्या संघात. रेडिओवर मेहिया, पेपरात मेहिया. तेविसाव्या वर्षी इंग्लंडमधल्या एका खालच्या लीगच्या क्लबाने त्याला बोलावलं. तिथल्या माणसाने पासपोर्ट बघितला, इंग्रज रिवाजाप्रमाणे शेवटचा शब्द आडनाव धरला आणि शर्ट छापायला पाठवला. कालिक्स.

"मी बघितलं तेव्हा शर्ट तयार होता," एलियास म्हणाला. "मला इंग्रजीत तीन शब्द यायचे, थँक यू आणि येस. म्हटलं, थँक यू."

"मग नंतर सांगायचं होतंस की."

"तू सांगितलंस?"

मी मनगटावरचा पट्टा बाहीखाली सारला.

गंमत पुढेच आहे. होंडुरासात लोक इंग्लंडच्या निकालांत मेहिया शोधत राहिले. मेहिया कुठे नाहीच. त्याचा एक काका गावभर सांगत सुटला की पोरगा हॉटेलात भांडी घासतो आणि घरी खोटं सांगतो. वडील वर्षभर फोनवर आले नाहीत. पोराने आपलं नाव टाकलं असा त्यांचा समज. आई मात्र खूष. तिने क्लबाचा शर्ट मागवला, भिंतीला लावला, पाठीची बाजू पुढे करून. आजही इंटरनेटवर ती दोन वेगवेगळी माणसं आहेत. मेहिया तेविसाव्या वर्षी नाहीसा होतो. कालिक्स तेविसाव्या वर्षी कुठून तरी उगवतो.

"देशासाठी खेळला तो मेहिया," एलियास म्हणाला. "लाल कार्डं सगळी कालिक्सची."

"आणि कॅन्सर?"

त्याने मनगटावरचा पट्टा वर करून वाचला. "कालिक्स."

त्या संध्याकाळी कोल्हापूरला फोन केला. रोजचा फोन, जेवलात का, गोळी घेतलीत का, यापलीकडे आमचं कधी जात नाही. व्हिडिओ बंद ठेवून, कारण केस जायला लागले होते. कॅमेरा बिघडलाय असं सांगितलं होतं. बोलायला काही सुचेना, म्हणून म्हटलं, "आप्पा, एक होंडुरासचा फुटबॉलर भेटला."

तिकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग, "कोण म्हणालास?"

ईराला, माझ्या मुलीला, ड्रायव्हिंग शिकवायला येतो, असं मी ठोकून दिलं. मिडफिल्डर आहे म्हटलं.

"मिडफिल्डर काय म्हणालायस, हाफ म्हण," आप्पा म्हणाले. "मीबी हाफच. त्याला इचार, चेंडू यायच्या आदी तो काय बघतोय."

घरचं

घरातली भांडणं आजारावरून होत नाहीत, फोडणीवरून होतात, हे नव्याने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. मला फोडणीचा वास सहन होईना. तांबड्या रश्श्यावर वाढलेला माणूस, मोहरी तडतडली की बाथरूमकडे धावायचा. शुभदाने कॅम्पिंगची शेगडी मागच्या बागेत मांडली आणि कोट घालून तिथे फोडणी करायला लागली. कुंपणापलीकडच्या म्हाताऱ्या शेजाऱ्याने दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी तिच्यासाठी एक जुनी छत्री बांधून दिली. काही विचारलं नाही. इंग्रज माणसाचा हा गुण मला आजारपणात कळला.

केसांचं काम ईराने केलं. ती सतरा वर्षांची, जन्म इथला, मराठी स्वतःच्या नियमांनी बोलते. माझ्या डोक्यावरून मशीन फिरवताना म्हणाली, "बाबा, तुझी डोकं खूप छोटा आहे." मग मशीन बंद केलं आणि थोडा वेळ माझ्या मागेच उभी राहिली. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, आणि तशी सोय तिनेच करून घेतली होती.

केमोबरोबर स्टेरॉइडच्या गोळ्या असतात, पाच दिवसांच्या. त्या पाच दिवसांत माणसाला उगाच हुरूप येतो. मी घरातल्या सगळ्या चार्जरना लेबलं लावली. शुभदाच्या मसाल्याच्या डब्यांनाही लावली, त्यांतली तीन चुकली. सहाव्या दिवशी हुरूप उतरतो आणि जिना चढताना मध्ये बसावं लागतं. भीती सहाव्या दिवशी येते. मी जिन्यात बसून ईराच्या पदवीदानाला मी फोटोत असेन की नसेन याचा विचार करायचो. मग कोणीतरी वरून किंवा खालून यायचं आणि मी बुटाची नाडी बांधायला लागायचो. पायात चपला असल्या तरी.

प्रश्नोत्तरं

तिसऱ्या केमोला आप्पांचे प्रश्न मी फोनवर टिपून नेले होते. सात होते. एलियासने एकेकाचं उत्तर विचार करून दिलं, कोणी गंभीर मुलाखत घ्यावी तसं.

चेंडू यायच्या आधी काय बघतोस? "मागे. चेंडूकडे सगळेच बघतात. मी दोनदा मान वळवून मागे बघतो. चेंडू पायाशी येतो तेव्हा पुढे काय करायचं ते ठरलेलं असतं. आता मुलांना गाडी शिकवतो तेव्हाही हेच. आरसा, मान, मग वळ. इथले राउंडअबाउट मला अवघड गेले नाहीत. नऊ वर्षं मी राउंडअबाउटमध्येच उभा होतो, चारी बाजूंनी लोक येताहेत."

गोल किती मारलेस? "इंग्लंडमध्ये दोन. एक माझ्या गुडघ्याला लागून गेला."

लोक नाव घेत होते का? "हाफचं नाव घेतात ते तो चुकतो तेव्हा."

थांबलास कसा? दुखापत वगैरे काही झालं नव्हतं. सीझन संपल्यावर मॅनेजरने ऑफिसात बोलावलं, पुढच्या वर्षीचा करार नाही म्हणाला, हात मिळवला. तीन मिनिटं. तो बाहेर पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसला आणि किल्ली कुठल्या बाजूला फिरवतात ते त्याला आठवेना. "कॅन्सरचं सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी वीस मिनिटं दिली," तो म्हणाला. "फुटबॉलपेक्षा चांगली माणसं आहेत."

शेवटचा प्रश्न आप्पांनी दोनदा सांगितला होता: हाफने कधीही करू नये असं काय?

एलियास लगेच म्हणाला, "लपणं."

मला समजलं नाही. मग त्याने ट्रेवर बिस्किटं मांडून दाखवलं. सामना वाईट चालला असला, पाय जड झाले असले, लोक शिव्या देत असले की खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या पाठीमागे उभा राहतो. पळतोय असं दिसतं, हात वर करतोय असंही दिसतं. पण अशा जागी उभा असतो की त्याला चेंडू देताच येऊ नये. "प्रेक्षकांना कळत नाही. आपल्या बॅकला, मागे खेळणाऱ्याला, बरोबर कळतं. चेंडू त्याच्या पायाशी असतो, तो मान वर करतो आणि तू तिथे नसतोस."

हे मी आप्पांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "शाणा माणूस हाय. ईराला गाडी कवा यायची?"

नाव आणि जन्मतारीख

चौथ्या केमोच्या आधी मधला स्कॅन झाला होता. औषध लागू पडतंय की नाही ते त्यातून कळणार होतं आणि निकाल केमोच्या दुसऱ्या दिवशी होता. त्या दिवशी मला कोडंही सुटेना. अकराच्या सुमारास स्टँड ढकलत टॉयलेटला गेलो. आलो तर माझा फोन वाजलेला आणि एलियासने उचललेला, स्पीकर चालू.

"सर, तुमच्या वेळी बूट कुठले होते?" एलियास विचारत होता.

"नो बूट!" आप्पांचा आवाज सगळ्या हॉलभर. शाळेच्या मैदानावर कमावलेला आवाज आणि पी. टी. मास्तरांचं इंग्रजी. "बेअर फूट! ओन्ली अँकलेट!" म्हणजे घोट्याला बांधायची पट्टी.

विणणाऱ्या बाईंनी सुया थांबवल्या होत्या. मी हातवारे केले, एलियासने ‘काळजी नको’ अशी मान हलवली. ड्रायव्हिंगची थाप मी त्याला पढवून ठेवली होती आणि तो ती इमानाने चालवत होता. ईरा चौथ्या गिअरमध्ये छान चालवते असंही त्याने सांगून टाकलं. मी खुर्चीत बसलो, फोन मागायला हात पुढे केला. तेवढ्यात जॅनेट पुढची पिशवी घेऊन आल्या, डोळे पिशवीवरच्या लेबलवर.

"राइट, मिस्टर वसंत. फुल नेम अँड डेट ऑफ बर्थ, माय लव्ह."

"वसंत गणपतराव शिंदे!" फोनमधून खणखणीत उत्तर आलं. पाठोपाठ तारीख, महिना आणि साल, एकेक शब्द सुटा.

जॅनेटनी लेबल बघितलं. माझ्याकडे बघितलं. "ब्याऐंशी? तब्येत राखलीयेस."

"हू इज स्पीकिंग प्लीज?" आप्पांनी विचारलं.

आणि दिवसातून पन्नास वेळा फोन उचलणाऱ्या जॅनेटच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "जॅनेट, केमो डे युनिट."

चहाची ट्रॉली कुठेतरी थांबली. जॅनेटना काय झालं ते कळलं नव्हतं, पण काहीतरी झालं हे कळलं. त्या पिशवी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"मिल्या," आप्पा म्हणाले.

"आप्पा, मी सांगणारच होतो."

"कसला हाय?"

सांगितलं.

"बरा हुतोय?"

"हो म्हणतात. उद्या कळेल."

"कितवी ही?"

"चौथी."

"तू फुटबॉलचं इचारालास तवाच मी समजलो," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत चेंडूला शिवला न्हाईस. म्हटलं, पोरगं कायतरी लपवालंय. मला वाटलं नोकरी गेली." मग म्हणाले, "त्याला दे फोन."

मी फोन एलियासच्या बाजूला केला. आप्पा इंग्रजीत म्हणाले, "मिस्टर एलियास. टेल मी ट्रूथ. हाऊ इज माय सन प्लेइंग?"

एलियासने माझ्याकडे बघितलं. माझी परवानगी विचारतोय असं मला वाटलं आणि मी मान हलवली. मग लक्षात आलं की तो विचारत नव्हता, मला जोखत होता.

"सर," तो म्हणाला, "स्लो आहे. तक्रारी फार करतो. पहिल्या दिवशी सुई बघून रडला. पण दर वेळी येतो आणि हात पुढे करतो. इथे तो लपत नाही." मग फोनकडे वाकून, "लपत होता तो तुमच्यापासून."

"येस," आप्पा म्हणाले. "आय नो दॅट पोझिशन."

जॅनेटनी हळूच विचारलं, आता खऱ्या पेशंटने नाव सांगितलं तर चालेल का. मी सांगितलं. शिंदे मिलिंद वसंत. माझी जन्मतारीख. पलीकडून आप्पांनी ती माझ्याबरोबरच पुटपुटलेली ऐकू आली.

निकाल

दुसऱ्या दिवशी शुभदा आणि मी पुन्हा त्या छोट्या खोलीत गेलो. गाठी बऱ्याच वितळल्या होत्या. सगळ्या नव्हे. मानेतली एक अजून थोडी दिसत होती, पण हे अपेक्षेप्रमाणे आहे, उरलेल्या दोन केमो द्यायच्या, मग पुन्हा बघायचं, असं बाई म्हणाल्या. या वेळी मी पार्किंगबद्दल विचारलं नाही. शुभदाने विचारायच्या गोष्टींची यादी केली होती आणि ती वाचून दाखवली. (हे करावं. लिहून न्यावं. आठवत काही नाही.)

एलियासचा निकाल आदल्या आठवड्यात आला होता. त्याची औषधं बदलणार होते. म्हणजे पहिली पुरेशी लागू पडली नव्हती. फोनवर त्याने मला एवढंच सांगितलं, "नवा मॅनेजर आलाय." माझ्या सहाव्या केमोपर्यंत तो दुसऱ्या वॉर्डात गेला होता. अजून त्याचे उपचार चालू आहेत. बऱ्या आठवड्यांत तो ईराला खरोखरच ड्रायव्हिंग शिकवतो. ती म्हणते, तो पुढे बघूच देत नाही, सारखा मागे बघायला लावतो.

पण मी निकालाच्या दिवसाचं सांगत होतो. शुभदा फार्मसीच्या रांगेत उभी राहिली आणि मी बाहेर बाकावर बसून कोल्हापूरला फोन लावला. व्हिडिओ चालू करून. आप्पांनी माझं डोकं बघितलं, भुवया नाहीत ते बघितलं. मी स्कॅनचं सांगितलं, जसं बाईंनी सांगितलं तसं, राहिलेल्या गाठीसकट. बरं वाटावं म्हणून काही गाळलं नाही.

"म्हंजे अजून खेळ हाय," ते म्हणाले.

"हो."

"पुढची कवा?"

दिवस सांगितला. त्यांनी कॅलेंडर आणून भिंतीला टेकवून त्यावर खूण केली. मला त्यांचा खांदा आणि छत तेवढं दिसत होतं. परत येऊन बसले. चष्मा काढला, पुसला, घातला नाही.

"तुझ्या आईचं सांगायचं हाय," ते म्हणाले.

मी फोन दुसऱ्या हातात घेतला.

"शेवटच्या पंधरा दिवसांत ती रोज इचारायची, मिल्या कवा येणार. मी म्हणायचो, तिकीट काढलंय, येतोय. काढलं नव्हतं. तुला कळवलंच नव्हतं. तुला सांगितलं की ती जाणार हे मला मानावं लागलं असतं. तू लांब हाईस हे निमित्त हुतं. लपलो मीच." त्यांनी चष्म्याच्या काड्या उघडल्या आणि मिटल्या. "आठ वर्षं झाली. तू कधी इचारलं न्हाईस आणि मी सांगितलं न्हाई."

आजारपण माणसाला शहाणं करतं असं लोक लिहितात. माझ्याबाबतीत तसं काही झालं नाही. मला राग आला, चांगला आला, कानापर्यंत तापलो. पंधरा दिवस. मी तेव्हा ऑफिसात बसून कुठल्या तरी वेबसाइटच्या लॉगिनच्या पानाची तपासणी करत होतो आणि ती तिकडे दरवाजाकडे बघत होती. फोन ठेवून द्यावा असं वाटलं. समोर स्क्रीनवर ब्याऐंशी वर्षांचा एक माणूस चष्म्याशिवाय बसला होता. त्याला माझा चेहरा दिसत नव्हता आणि तरी तो जागचा हलत नव्हता.

शुभदा औषधांची पिशवी घेऊन बाहेर आली. मी तिला हाताने खूण केली, बस. ती शेजारी बसली.

"चष्मा घाला आप्पा," मी म्हटलं. "आणि सावकाश सांगा. पहिल्या दिवसापासून."